अठरा घास

१७ नोव्हेंबर, रविवार

तांदळाचं दुसरं पाणी मी सुपासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. तुझा शाळेचा डबा अर्धा भरून झाला होता, अंड्याच्या पोळीची घडी थंड व्हायची होती. अंगणातल्या हौदावर बर्फाचा पापुद्रा धरला होता, तो फोडून मी पाणी भरलं आणि परत तांदळाला हात लावला. सांगण्यासारखं त्या सकाळी काहीच घडलं नाही. रोजच्यासारखी मी दाराकडे पाठ करून तांदूळ धूत होते आणि कान मागे ठेवले होते.

“सोन-आच्या आई, पाणी” असं आलं की समजायचं, तुझे बाबा उठले आहेत. काही न बोलता जेवणाच्या पाटावर चमचा आपटला की त्याच अंगातला दुसरा. मग मी तुला मागच्या दाराने शेजारी पाठवायचे. आणि “ताई, हौदातलं पाणी मी काढू का?” असं आलं की तिसरा.

त्या सकाळी “ताई” आलं. मी तुझ्या डब्यात अंडं थोडं जास्त घातलं. एवढीच आठवण.

सोन-आ, पत्र असं मध्येच सुरू केलं म्हणून रागावू नकोस. “तू बरी आहेस ना?” असं दोनदा लिहून पाहिलं. अकरा वर्षं ज्याचं उत्तर मिळालं नाही तेच पहिल्या ओळीत विचारवेना.

मला लिहिता येतं हे तुला ठाऊक नसेल. तू गेलीस तेव्हा मी बसही रंगावरून ओळखायचे. तुझी पहिली-दुसरीची पुस्तकं खोक्यात होती, त्यांवरून शिकले. शिकवायला कोणी नव्हतं, हसायलाही कोणी नव्हतं, म्हणून जमलं. आता गावच्या वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक आणते. जाड असेल तर दोन आठवडे लागतात.

तुझं नाव मी वाचलं ते टीव्हीवर. आम्हा कालवं सोलणाऱ्या बायकांच्या शेडमध्ये शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मालिकेचे त्या आठवड्याचे दोन्ही भाग परत दाखवतात, ते सगळ्याजणी बघतो. ‘पाच खोल्यांचा माणूस’. शेवटी नावं भरभर वर जातात. पहिल्या आठवड्यात मला “बान” एवढंच गाठता आलं. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण वाचलं. पटकथा, बान सोन-आ. मी कोणाला सांगितलं नाही. अजूनही सगळ्या मला सोन-आची आईच म्हणतात, पण ती सोन-आ हीच, हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

त्यांना मालिका फार आवडते. कोसोंग गावची एक आहे, तिला आम्ही कोसोंगवाली म्हणतो, ती परवा म्हणाली, “पाच-पाच नवरे एका अंगात, आणि त्यातला एकही भांडी घासत नाही!”

शेडची मालकीण म्हणाली, “तुझा एकच आहे ना? तो घासतो का?”

“माझा एक कुठला! अर्धा आहे. उरलेला अर्धा सोजूच्या बाटलीत.” मग तिने सुरी टीव्हीकडे रोखली. “पण ती बायको बघा. नवरा डाव्या हाताने जेवायला लागला तरी बाईला पत्ता नाही. रेशमी झग्यात झोपून झोपून डोळे गेले वाटतं.”

सगळ्या हसल्या. मला कोणीतरी कोपराने ढोसलं, “काय गं, तुला हसू येत नाही?” मी म्हटलं, “सुरी चालू असताना मी हसत नाही.”

ती बायको मी आहे, हो ना? सहा भाग झाले, तिला काही दिसत नाही. सोन-आ, मला दिसत होतं. रोज सकाळी, तोंड न वळवता.

येत्या एकोणीस डिसेंबरला, गुरुवारी, तुझ्या बाबांना जाऊन अकरा वर्षं होतील, त्यांचं वर्षाचं जेवण वाढायचं आहे. अकरा वर्षांत तू एकदाही आली नाहीस. या वर्षी ये. पण त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मला एका पत्रात सांगता येईल असं वाटत नाही. तुझा पत्ता नाही म्हणून हे टीव्हीच्या केंद्रावर पाठवते. सोबत सुकवलेल्या मांदेलीचा डबा आहे. सुपात घालण्याआधी डोकी काढ.

आई


२४ नोव्हेंबर, रविवार

उत्तर नाही. मांदेली दुसऱ्याच कोणी खाल्ली असेल तर खाऊ दे.

या आठवड्याच्या भागात तू म्हातारीला त्या डावखुऱ्यावर मीठ फेकायला लावलंस. आपल्याकडे मीठ नव्हतं, तांबड्या चवळ्या होत्या. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, पण काहीतरी लक्षात राहिलेलं दिसतं.

तुझी आजी म्हणायची, दोक-सूच्या अंगात कोणीतरी शिरलंय. तिने मांत्रिकीण बाई बोलावली, ढोल वाजला, डुकराचं डोकं मांडलं. तुझे बाबा मधोमध बसले होते. आजीने सूपभर चवळ्या त्यांच्या तोंडावर फेकल्या, “निघ! माझ्या पोराच्या अंगातून निघ!” म्हणाली. सगळे बघत होते की आता हा किंचाळेल.

तो वाकला आणि डाव्या हाताने एकेक चवळी वेचायला लागला. मूठ भरली तशी तुला जवळ बोलावून तुझ्या ओंजळीत घातली. म्हणाला, “छोट्या बाई, यांचा खेळ होतो. पाच वर उडवायच्या.” आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, हे लोक चिडलेत का? मी काही केलं का?”

मांत्रिकीण ढोल थांबवून म्हणाली, “हे भूत माझ्याच्याने नाही निघायचं. हे जेवायलाच बसलंय.”

त्याआधी मी त्या तिसऱ्याला घाबरायचे. त्या दिवसापासून नाही.

तो कायम पंधरा-सोळा वर्षांचाच राहिला. तुझे बाबा चाळिशीचे झाले, पन्नाशीचे झाले, केस पांढरे झाले, तो तेवढाच. डावखुरा. लसूण चालायची नाही, तिखट चालायचं नाही, मला किमची धुऊन द्यावी लागायची. समुद्राला घाबरायचा. तुझे बाबा तराफ्यावरून उडी मारून कालवं वाढतात त्या बुडलेल्या दोऱ्या वर काढायचे, आणि हा गुडघाभर पाण्यात जायचा नाही. तो उठला की मी त्याची बायको नसायचे. रात्री त्याची गादी मी वेगळी घालायचे आणि तोही ते बरोबरच समजायचा.

तुझे बाबा वाईट नव्हते. बोलायचे नाहीत, इतकंच. दुसरा वाईट होता. पण दिवसभर शेडमध्ये उभी राहून घरी आले की “ताई, तू जेवलीस का?” असं विचारणारा हा एकच होता. लोक एकमेकांना ते दिवसातून दहादा म्हणतात, माहीत आहे. हा उत्तरासाठी थांबायचा.

तुझे केस तोच विंचरायचा. तुला वाटायचं बाबा. भांग डावीकडून पडायचा, तुझ्या लक्षात आलं असेल.

मालिकेत तू त्याला बायकोला “मॅडम” म्हणायला लावलं आहेस. का, ते मी समजू शकते. ते “ताई” तुला लिहवलं नसेल.

आई


१ डिसेंबर, रविवार

पोस्टातल्या मुलीने सांगितलं, रजिस्टर केलं तर कोणाच्या हातात पडलं ते कळतं. या पत्रापासून तसंच करते.

शेडमध्ये या आठवड्यात भांडण झालं. तुझ्या मालिकेतला डॉक्टर म्हणाला ना, की पाचांचा एक करायचा, बाकीचे हळूहळू विरून जातील? कोसोंगवालीला ते पटलं. “सुटली बिचारी बायको!” मालकीण म्हणाली, “सुटली काय? चौघं मरणार म्हण की.” “मरायला ती माणसं आहेत का?” “मग त्या डावखुऱ्यासाठी तू गेल्या आठवड्यात नाक का पुसत होतीस?” “ते थंडीने गं!” मग दोघी दिवसभर बोलल्या नाहीत. मी मध्ये बसले होते, कालवांच्या ढिगाएवढी गप्प.

आता हॉस्पिटलचं लिहायला हवं.

तू बाबांना बुसानला मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलंस तेव्हा मी तुला अडवलं नाही. दुसऱ्याने भिरकावलेल्या पाटाचा कोपरा तुझ्या भुवईत शिरला होता, ती खूण तुझ्या तोंडावर आहे. शाळेत मी सांगितलं की पायरीवर पडली. त्या खोटेपणाची भरपाई म्हणून मी तेव्हा तुझ्या मागोमाग आले. डॉक्टर चांगला होता. त्याने आजाराला नाव दिलं, मला चित्र काढून दाखवलं, कारण मला वाचता येत नव्हतं. एक घर, त्यात दारं, दारांना कुलपं.

दोन महिन्यांत दुसरा यायचा थांबला. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू रडलीस. मीही रडले, पण माझं कारण निराळं होतं. तिसराही कमी यायला लागला होता. आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांतून. शेवटचा आला तो जेवणाचं ताट समोर असताना. डाव्या हाताने माझी बाही धरली आणि हळूच म्हणाला, “ताई, इथे मला झोप फार येते. घरी ने ना. इथे झोपलो तर उठेन असं वाटत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन बसने परत आले.

निघताना हॉस्पिटलने एका कागदावर माझा शिक्का मारून घेतला होता. पाच वर्षांनी, वाचायला आल्यावर, तो कागद मी काढला. “डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, नातेवाइकांच्या जबाबदारीवर.” ‘जबाबदारी’ हा शब्द मला तीनदा लावावा लागला.

तुला मी सांगितलं की बाबांना तिथलं अन्न सोसत नव्हतं. तू विश्वास ठेवला नाहीस, बरं केलंस. खरं असं की मला नवरा बरा करून नको होता. माझी विचारपूस करणारं त्या घरात एकच माणूस होतं आणि ते मला औषधाने पुसून टाकवेना. त्याच्याबरोबर दुसराही परत येईल हे मला माहीत होतं. आलाच. तू तेव्हा सोल शहरात होतीस, मार खायला मी एकटीच होते, म्हणून मला वाटलं हे माझं मी ठरवू शकते.

पण ते बाबा तुझेही होते. हे मला तेव्हा सुचलं नाही.

आई


८ डिसेंबर, रविवार

पोस्टातली मुलगी म्हणाली, मागचं पत्र “सहायक” म्हणून कोणीतरी घेतलं. म्हणजे तुझ्या टेबलापर्यंत तरी गेलं.

हेच ते पत्र. मी सकाळपासून तीनदा भांडी घासली.

तीन दिवसांच्या सुतकात सगळे मला विचारत होते, “दोक-सूसारखा पट्टीचा पोहणारा असा कसा बुडाला?” तू एकटीने वेगळं विचारलंस. शोकाचे कपडे घातलेली तू स्वयंपाकघरात आलीस, दार लावलंस आणि म्हणालीस, “आई, त्या सकाळी कोण उठलं होतं?”

मी म्हटलं, “तुझे बाबा.”

तू म्हणालीस, “हॉस्पिटलमध्ये ठेवलं असतंस तर आज ते असते.” पार्थिव निघण्याआधी तू गेलीस. नंतर तुझा फोन लागला नाही.

त्या सकाळी वारा होता. वर्षअखेर जवळ आलेली, सोलहून कालवांची मागणी आलेली, बोटीवर दोन माणसं कमी. त्याआधीच्या आठवड्यात दोनदा तो डावखुरा उठला होता आणि दोन्ही वेळा मी “अंगात ताप आहे” सांगून त्याला घरी ठेवलं होतं. बोटवाला म्हणाला होता, “वहिनी, तिसऱ्यांदा ताप आला तर मी दुसरा माणूस बघेन. माझाही नाइलाज आहे.”

मी तांदूळ धूत होते, दाराकडे पाठ.

“ताई.”

हात थांबला. मग मी तो चालू केला.

“ताई, आज फार वारा आहे.”

मी तांदळाचं पाणी ओतलं. कधीकधी जेवता जेवता बदल व्हायचा. सुपाचा दुसरा चमचा तुझ्या बाबांचा असायचा. मी मुद्दाम किमची न धुता वाढली. लसूण घालून सूप केलं. म्हटलं, तुझे बाबा वासाने येतील. त्याने किमची ताटाच्या कडेला सारली आणि नुसता भात खाल्ला. डाव्या हाताने.

बाहेर बोटवाल्याने हाक मारली. मी रबरी बूट आणले, हातमोजे दिले. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, पाणी थंड असेल ना?”

मी म्हटलं, “सगळ्यांनाच थंड असतं.”

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं. माझं सगळंच त्याला पटायचं. डाव्या हाताने दार ओढून घेतलं आणि गेला.

दोन दिवसांनी त्यांना वर काढलं. दोरीचे वळ डाव्या तळहातावर होते. मी ती मूठ मिटवली आणि कोणाला दाखवली नाही. सरणघराच्या खिडकीबाहेर उभी असताना मला एक वेडा विचार आला, की निदान मला तरी अस्थींचे दोन ढीग दिसतील. एकच होता.

सोन-आ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. त्या सकाळी तो उठला होता. मला माहीत होतं. मी त्याला पाठवलं.

मालिकेचे चारच भाग राहिले आहेत. कोसोंगवाली म्हणते, हल्ली पानं शूटिंगच्या सकाळी लिहून येतात, शेवट कोणालाच ठाऊक नसतो. तू त्या डावखुऱ्याचं काय करणार ते मी विचारणार नाही. तो तुझ्याकडे आहे, तुला वाटेल ते कर. फक्त त्याची बायको आंधळी होती असं लिहू नकोस. ती आंधळी असती तर तिच्यासाठी बरं झालं असतं.

आई


१५ डिसेंबर, रविवार

पोस्टातली मुलगी मला बघून स्वतःच म्हणाली, “आजी, मंगळवारी पोचलं. सही ‘स्वतः’ अशी आहे.”

मी दोनदा विचारलं. तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. “तुम्हीच वाचा.” मी वाचलं.

म्हणून हे छोटंच लिहिते, कारण जे सांगायचं होतं ते तुझ्या हातात आहे.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता. पूर्वी हे जेवण मध्यरात्री वाढायचे, आता आपल्याकडेही तोवर कोणी थांबत नाही. कोजेहून थोरले भाऊजी येतील. थोरला भाऊ धाकट्यापुढे वाकत नाही, म्हणून ते नुसते उभे राहतात आणि चुका काढतात. तुला एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू गोंधळशील. मी भाताच्या दोन वाट्या ठेवते. पहिल्या वर्षी भाऊजी ओरडले, “मेला एक आणि जेवायला दोन? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, त्यांना भूक जास्त होती. दुसऱ्या वाटीचा चमचा मी डावीकडे ठेवते, ते दर वर्षी येऊन उजवीकडे करतात. त्या पहिल्या वर्षानंतर आम्ही यावर एक शब्द बोललेलो नाही. तो चमचाच बोलतो.

वर्षाच्या जेवणात लसूण घालत नाहीत, तिखट घालत नाहीत, हे तुला आठवत असेल. पहिल्या वर्षी मांडताना माझ्या लक्षात आलं, की तो आयुष्यभर हेच जेवत होता.

चमचा भातात उभा केला की आपण बाहेर येऊन दार लावायचं. मेलेल्या माणसाने निवांत जेवावं म्हणून नऊ घासांइतका वेळ थांबायचं. मी अठरा मोजते. भाऊजींना वाटतं मी हळू मोजते.

शेवटची बस पावणेसहाला येते.

आई


२२ डिसेंबर, रविवार

पावणेसहाच्या बसमधून तीन माणसं उतरली. एक शेजारचा, दोन पर्यटक. मी थांब्यावर उभी नव्हते, अंगणातून दिसतं.

सफरचंदं, सुकवलेले पर्सिमन, मासा, भात. सगळं जागेवर ठेवलं. दोन वाट्या. दुसरा चमचा डावीकडे. भाऊजींनी ओवरकोट काढला, मांडामांड बघितली, फळांची रांग थोडी सरळ केली. मग दुसऱ्या वाटीपाशी वाकले. मी वाट बघत होते.

त्यांनी चमच्याला हात लावला नाही.

“माझी सून ती मालिका बघते,” म्हणाले. “पाच माणसांची. मीही बघतो तिच्याबरोबर.”

मी म्हटलं, “सोन-आने लिहिलीय ती.”

“वाचलं मी नाव.” ते चमच्याकडे बघत होते. “वहिनी, तो... तो तुम्हाला काय म्हणायचा?”

“ताई म्हणायचा.”

भाऊजी खाली बसले. म्हातारा माणूस, गुडघे दुखतात, तरी जमिनीवर बसले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते पन्नास वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी बुसानच्या बाजारात रस्त्यावरच्या पोरांना उचलून कोंडवाड्यासारख्या अनाथाश्रमात नेणारा ट्रक यायचा. पोरं अनाथ नसली तरी नेत. त्या दिवशी तिघं भावंडं होती. भाऊजी टोपल्यांमागे लपले. दोक-सू आणि मोठी बहीण सापडली. सहा वर्षांनी दोक-सू एकटाच परत आला, उजवा हात मोडून वेडावाकडा जुळलेला. बहिणीचं काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही. आईने तिचं नाव घ्यायचं बंद केलं.

“तिथे तिने त्याला स्वतःच्या वाटचं भरवलं असणार,” भाऊजी म्हणाले. “ती तशीच होती. सारखी विचारायची, जेवलास का, जेवलास का.”

मग ते उठले, भिंतीला धरून. धाकट्यापुढे न वाकणारा माणूस दुसऱ्या वाटीसमोर वाकला, कपाळ जमिनीला टेकेपर्यंत. आम्ही बाहेर येऊन दार लावलं. नऊ झाल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, “मोजा, मोजा. अजून नऊ.” अठरा झाल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे तीनदा खाकरून दार उघडलं.

म्हणजे, सोन-आ, तो मला दुसरीच कोणी समजत होता. ती सारी माया तिची होती. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी त्याला बोटीवर पाठवलं नसतं का? मी स्वतःला विचारून बघितलं. तेव्हाही पाठवलं असतं, असं वाटतं. बोटवाला बाहेर उभा होता.

शुक्रवारी शेडमध्ये शेवटचे दोन भाग दाखवले. शेवटच्या भागात ती रेशमी झग्यातली बाई सकाळी स्वयंपाकघरात उभी होती. दाराकडे पाठ. तांदूळ धूत होती, हाताने.

“एवढ्या श्रीमंत घरात मोलकरीण नाही का?” कोसोंगवाली म्हणाली. कोणीतरी तिला गप्प केलं.

मागून आवाज आला, “ताई.”

पंधरा भाग “मॅडम” म्हणत होता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माझ्या हातातली सुरी मी खाली ठेवली.

तिचा हात पाण्यात थांबला. तिने तो परत चालू केला नाही. ती वळली, ओल्या हातानेच, त्याच्याकडे पूर्ण बघितलं आणि म्हणाली, “आज बाहेर जाऊ नकोस. पाणी थंड आहे.”

“कसलं पाणी?” कोसोंगवाली ओरडली. “सोलमध्ये, विसाव्या मजल्यावर? शेवटी शेवटी लेखिकेचं डोकं चाललं नाही बघ.”

“गप गं,” मालकीण म्हणाली. ती रडत होती.

मग तो डाव्या हाताने जेवला, ती समोर बसली, आणि तू तिथेच संपवलंस. बरा झाला की नाही, कोण राहिलं, कोण गेलं, काही दाखवलं नाहीस. बायका फार चिडल्या. नावं वर गेली. मी तुझं वाचलं.

ते मला माफ करायला लिहिलंस, की मी काय करायला हवं होतं ते दाखवायला, हे मला कळलं नाही. रात्रभर विचार केला. दोन्ही असेल. तू आली नाहीस तेही मी त्यातच धरते. पण त्या बाईने तोंड वळवलं, ते तू मला वळवू दिलंस, असं मी समजले आहे. चुकीचं समजले असेन तर कळव. बरोबर असेल तर कळवलं नाहीस तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून वारा होता. शेडची गाडी येऊन भोंगा वाजवून गेली. मी तांदूळ धुतले, दाराकडे तोंड करून बसले आणि कामाला गेले नाही.

आई